चपला बाहेर काढाव्यात

निशिगंधाचा अर्ज तिच्या स्वतःच्या घरात सहा दिवसांपासून प्रलंबित होता.

अर्ज आयटीआयचा होता, मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमासाठी. दहावीला अडुसष्ट टक्के मिळाल्यावर तिने तो ऑनलाइन भरला होता, प्रिंट काढली होती, आणि आता त्यावर फक्त पालकाची सही हवी होती. पालक आटगावच्या त्याच घरात राहत होता. पण कुंडलिक शहापूरच्या एका कार्यालयात बावीस वर्षं शिपाई होता, आणि कागदाला नाही न म्हणता तो थांबवायचा कसा, हे चार साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसून त्याने शिकून घेतलं होतं.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, "ठेव, बघतो." दुसऱ्या दिवशी फोटो वाकडा चिकटवल्याचं त्याच्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी चष्मा सापडत नव्हता. तो त्याने घातलेला होता. चौथ्या दिवशी आईचा अभिप्राय मागवण्यात आला. सुंदराने भाकरी थापता थापता "माझी काय हरकत नाय" असा अभिप्राय दिला, पण तो तोंडी असल्यामुळे ग्राह्य धरला गेला नाही.

"बाबा, नाय तर नाय बोला एकदा," निशिगंधा म्हणाली.

"मी कुठं नाय बोललो? उद्या बघू."

खरं कारण कुंडलिकने कुणाला सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत पोर आसनगावला मामाच्या गॅरेजमध्ये होती, तेव्हा तिला आणायला तो गेला होता. तिथे एक टेम्पो उभा होता आणि टेम्पोखालून दोन पाय बाहेर आलेले होते. पायांतले पैंजण त्याच्या ओळखीचे होते. त्या रात्रीपासून त्याच्या स्वप्नात तो टेम्पो येत असे, आणि टेम्पो दरवेळी त्या पायांवर थोडा खाली बसत असे.

शनिवारी निशिगंधाने निराळा मार्ग काढला. "बाबा, मुरबाडच्या अलीकडं एका फार्महाऊसवर जुन्या मोटारींचं प्रदर्शन हाय. उद्याच्या दिवस. येता?"

"तिकीट?"

"फुकट."

फुकट गोष्टीवर उद्या बघू म्हणायची कुंडलिकच्या कार्यालयात पद्धत नव्हती. रविवारी सकाळी बाप-लेक मोटारसायकलवर निघाले. निशिगंधाच्या पाठीला दप्तर होतं. दप्तरात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये अर्ज होता, आणि अर्जाची शेवटची तारीख सोमवार होती.

फार्महाऊसचा मालक मुंबईचा होता. मे महिन्याच्या उन्हाला भिऊन त्याने लग्नाचा असतो तसा मंडप घातला होता, खाली लाल गालिचा अंथरला होता आणि दोरखंडांना झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. आत सात मोटारी उभ्या होत्या. मधोमध सगळ्यांत मोठी, काळी कुळकुळीत, वाटोळ्या डोळ्यांची विलायती मोटार. माहितीचे फलक होते, पण ते इंग्रजीत. राखणीला धाकलू नावाचा गावातलाच गडी होता आणि त्याला एवढंच सांगितलं होतं, की कुणाला गाडीला हात लावू द्यायचा नाही.

गालिच्याच्या काठाशी, बरोबर काळ्या मोटारीसमोर, येताच कुंडलिकने चपला काढल्या. साहेबांच्या केबिनमध्ये गालिचा होता. गालिचा दिसला की काय करायचं हे त्याच्या पायांना डोक्याच्या आधी कळत असे.

"बाबा, चपला घाला! लोक बघतात."

"बघू दे. कुणाचा तरी गालिचा हाय."

निशिगंधा चार पावलं पुढे जाऊन, या गृहस्थांशी आपली ओळख नाही अशी उभी राहिली. एवढ्यात मागून एक जोडपं आलं. त्यांनी काळ्या मोटारीसमोर काढलेल्या चपला पाहिल्या, झेंडूच्या माळा पाहिल्या, आणि न बोलता आपल्याही काढल्या. त्यांच्या पाठोपाठ आलेल्या चौघांनी तीन जोड पाहिले. इतर सहा मोटारींपुढे एकही चप्पल नव्हती, त्यामुळे तिकडे काही विशेष नसणार हे उघड होतं. अर्ध्या तासात काळ्या मोटारीसमोर साठेक जोड आणि त्याच हिशेबात माणसं जमली.

"ओ, रेटू नका! लांबून बघा!" धाकलू ओरडत होता. त्याचं कुणी ऐकेना.

कुंडलिकला हे बघवेना. "सरळ उभे ऱ्हावा!" तो ज्या आवाजात बोलला तो आवाज बावीस वर्षं दर सोमवारी कार्यालयातल्या अर्जदारांच्या गर्दीवर वापरलेला होता. "एका रांगेत या. बाया डावीकडून. पुढच्याचं झाल्याबिगर मागच्यानं यायचं नाय."

रांग लागली. आणि रांग दिसली की माणूस आधी तिच्यात उभा राहतो. ती कशाची आहे हे पुढे गेल्यावर कळतंच. रस्त्यावरून सिद्धगडाकडची एक जीप लग्नाला चालली होती. मंडप आणि रांग बघून तीही थांबली, आणि तिच्यातली वऱ्हाडी मंडळी चपला काढून मागे उभी राहिली.

त्यांच्यातली गिरजा म्हातारी सगळ्यांत पुढे पोचली. तिने घंटा शोधली. मोटारीच्या खिडकीबाहेर पितळेचा भोंगा होता आणि त्याला काळा रबरी फुगा होता. म्हातारीने तो दाबला. पॉंऽक! मग डोळे मिटून हात जोडले.

"ओ आजी!" धाकलू धावला. "गाडीला हात लावायचा नाय!"

"गाडीला कुठं लावला रं? घंटेला लावला."

धाकलूला दिलेल्या सूचनांत घंटेचा उल्लेख नव्हता. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाने पॉंक केलं. कुणी दोरखंडातलं झेंडूचं फूल तोडून बॉनेटवर ठेवलं. कुणी द्रोणभर जांभळं ठेवली. आणि गिरजेने पिशवीतून लग्नाला नेण्यासाठी घेतलेला नारळ काढला आणि पुढच्या चकचकीत पट्टीवर नेम धरून हात उचलला.

"आजी, थांबा!" अनोळखी म्हणून उभी असलेली निशिगंधा झेपावली. "तो बंपर हाय!"

"मग कुठं फोडू?"

"कुठंच नका फोडू. हा देव नाय. मोटार हाय मोटार. हितं लिवलंय." निशिगंधाने फलकावर बोट ठेवलं. "शहात्तर वर्सांची."

"शहात्तर?" म्हातारीने मोटारीकडे आता समवयस्काच्या नजरेने पाहिलं. "माझ्याच बरोबरीची गो. अजून चालते?"

"चालते की. इंजिन उघडून आतले झिजलेले भाग बदललेत."

"मग माझं गुडघं कोन उघडील?"

रांग हसली, पण हलली नाही. एवढ्या लांब उभं राहून पुढे काहीतरी मिळायला हवं, असं रांगेचं म्हणणं होतं. तेव्हा निशिगंधा सांगू लागली. हे दिवे, हे गिअर, ही हातानं फिरवून गाडी चालू करायची दांडी. लोक हात जोडलेलेच ठेवून ऐकत होते. कुणीतरी मधेच "बरं माय" म्हणत होतं.

मग बारकू नावाचा, भाजीची पिकअप चालवणारा माणूस पुढे आला. त्याने पॉंक केलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, माझी गाडी सकाळच्याला चालू व्हत नाय. धक्का मारून आणलीय. भाईर उभी हाय."

"बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलंय काय?"

बारकूने चमकून पाहिलं. "तुमाला कसं कळलं?"

"गरम पाणी टाकून साफ करा, आणि नट घट्ट करा."

बारकू गेला. धाकलूच्या चुलीवरचं चहाचं पाणी त्याने नेलं. दहा मिनिटांनी मंडपाबाहेर एक इंजिन घरघरलं आणि पाठोपाठ बारकू पळत आत आला. "लागली! एका झटक्यात लागली! ताई बोल्ली तसंच झालं!"

यानंतर मोटारीकडे कुणी बघेना. रांग निशिगंधाकडे वळली. एकाची रिक्षा काळा धूर टाकत होती. एकाचा विहिरीवरचा पंप पाणी उचलत नव्हता. गिरजा म्हातारी दुसऱ्यांदा रांगेत शिरून आली आणि तिने विचारलं, "माझा जावई दारू कवा सोडंल?"

"ते माझ्याकडं नाय, आजी."

"बरं," म्हातारी समजूतदारपणे म्हणाली. खातं वेगळं असू शकतं, हे तिला मान्य होतं.

कुंडलिक रांग सांभाळत फिरत होता. "गाडीचं नाव, काय दुखणं हाय, थोडक्यात सांगायचं. ताईंचा टाइम घेऊ नका." हे आपण कुणाबद्दल बोलतोय याकडे त्याचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात बारकूचा आवाज आला. "ताई, खालून तेल पन गळतंय. मी जॅक लावून खाली शिरतो आनि बगतो."

"खबरदार!" निशिगंधा एवढ्या जोरात ओरडली, की रांगेतलं एक तान्हं रडायला लागलं. "नुसत्या जॅकवर खाली जायचं नाय! आधी चाकामागं दगड. मग लाकडाचे ठोकळे लावायचे, गाडी हलवून बघायची, आणि मगच खाली. मामाकडं मी दरवेळेला तसंच करते. मामा हसतो. हसू दे."

कुंडलिक जिथे होता तिथेच थांबला. रांग थोडी वाकडी झाली. ती त्याने सरळ केली नाही.

दुपारी मालक आला. गेल्या वर्षी लोकांनी त्याच्या मोटारीचा आरसा मोडला होता आणि दारावर खिळ्याने एका मुलीचं नाव कोरलं होतं. यंदा शंभर माणसं अनवाणी, एका रांगेत, हात जोडून उभी होती. मालकाने थोडा विचार केला आणि आपलेही बूट काढले.

"ही व्यवस्था कोण बघतंय?"

धाकलूने कुंडलिककडे बोट दाखवलं. कुंडलिकने निशिगंधाकडे. "त्या बघतात, साहेब. मी भाईरचा शिपाई."

तीनच्या सुमाराला रांग संपली. लग्नाची जीप हळद चुकवून लग्नाला गेली. निशिगंधा गालिच्यावर बसून पाणी पीत होती. मान वर केली तर समोर एकजण उभा होता, अनवाणी, चष्मा हातात.

"ताई, माझं एक काम होतं."

तिने हसू दाबलं. "बोला."

"एका कागदावर सही राहिलीय. सहा दिस झाले."

"कागद कुठं हाय?"

"तुमच्याचकडं हाय."

"बघते. उद्या या."

"उद्या शेवटची तारीख हाय, ताई."

निशिगंधाने फोल्डर काढलं. कुंडलिकने गुडघ्यावर कागद ठेवून, जीभ दातांत धरून सही केली. तिने कागद उलटसुलट तपासला. "अपूर्ण हाय. 'अर्जदाराशी नाते' राहिलं."

त्याने 'वडील' असं लिहिलं. मग पेनाचं टोपण लावता लावता, तिच्याकडे न बघता विचारलं, "ठोकळे रोज लावशील?"

निशिगंधाला कळायला क्षणभर लागला. मग तिच्या पायातले पैंजण वाजले. ती जवळ सरकली होती.

"रोज."

"आन् चाकामागं दगड?"

"दोन दगड, बाबा."

बाहेर आल्यावर कळलं, की ज्या चपलांनी हे सगळं सुरू केलं त्या जीपमधून लग्नाला गेल्या होत्या. गालिच्याच्या काठाशी एकही जोड उरला नव्हता. बूट होते ते फक्त निशिगंधाच्या पायांत, कारण तिने ते काढलेच नव्हते. जमीन तव्यासारखी तापली होती. निशिगंधाने बूट काढले, आतले शाळेचे पांढरे मोजे उतरवून बापाला दिले, आणि बूट पुन्हा घातले. पांढऱ्या मोज्यांत मोटारसायकल चालवत कुंडलिक शहापुरातून गेला. ओळखीच्या दोघांनी त्याला पाहिलं आणि ओळख दाखवली नाही.

सोमवारी सकाळी निशिगंधा अर्ज द्यायला गेली, आणि कुंडलिक नव्या चपला घालून कामावर निघाला, तर अंगणात बारकूची पिकअप उभी होती. तिच्या मागे एक रिक्षा. तिच्या मागे दोरीने ओढून आणलेला एक ट्रॅक्टर.

"ताई हायेत काय?" बारकूने विचारलं.

बावीस वर्षांचं वाक्य कुंडलिकच्या जिभेवर आलं. त्याने ते गिळलं. नव्या चपला काढून दाराशी ठेवल्या आणि ओटीवर चटई अंथरली.

"कामाला गेल्यात. चपला तिथं काढा आन् बसा. आजच व्हईल तुमचं."