काळ्या पडद्यासमोर नाना

शनिवारी दुपारी नानांनी कॉम्प्युटर पुसायचा ठरवला आणि तिथंच त्यांचं चुकलं.

तसं कारण होतं. नानांची बायको दीड महिन्यापूर्वी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, विमानानं जावं लागतं इतक्या लांब. दर रविवारी सकाळी अकराला ती कॉम्प्युटरवर दिसायची. मागच्या रविवारी म्हणाली होती, तुमच्या मागं धूळ केवढी दिसतेय. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हा शेरा झोंबला. नानांनी घर झाडलं, खिडक्या पुसल्या, आणि मग कॉम्प्युटरच्या सगळ्या तारा उपसून त्याही ओल्या फडक्यानं पुसल्या. (कॉम्प्युटरला हात लावू नका, असं बायको जाताना तीनदा बजावून गेली होती. पण तार म्हणजे काही कॉम्प्युटर नव्हे, असा नानांनी अर्थ लावला.)

तारा परत खोचल्या, बटण दाबलं. खालच्या डब्यात पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, पडदा मात्र काळाच राहिला.

नानांनी डबा बंद करून चालू केला. पडद्याचं बटण दाबून पाहिलं. पडद्याला पाठीवर दोन चापट्या मारल्या, मग लाज वाटून कुरवाळलाही. शेवटी दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, डबा उघडून आतली लांबट पट्टी काढा, खोडरबरानं घासा आणि पुन्हा बसवा. खोडरबर शोधण्यात तास गेला आणि पट्टी उलटी बसत नाही हे कळण्यात दुसरा. इतकं करून पडदा होता तसाच. उद्या अकरापर्यंत येऊन जातो, असं दुरुस्तीवाल्यानं कबूल केलं.

रविवारी पावणेअकराला नाना दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. अकरा वाजले. दुरुस्तीवाला आला नाही. बायकोला फोन करून सांगता आलं असतं. पण मग कॉम्प्युटरला हात लावल्याचंही सांगावं लागलं असतं. नानांनी उगीच बटण दाबलं. पंखा घरघरला, पडद्यावर चिकटवलेल्या छोट्या कॅमेऱ्याचा दिवाही लागला, आणि काळ्या काचेत नानांना स्वतःचाच चेहरा दिसला. आठवडाभर ज्या चेहऱ्याची वाट पाहिली तो काही हा नव्हता.

काचेत बघून त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. मग हळूच म्हणाले, "तू नसलीस की तुझ्याशी बोलायला सोपं जातं बघ."

आणि बोलतच सुटले. "सगळं छान चाललंय, सावकाश ये, असं मी दर वेळी सांगतो ना? खोटं आहे ते. सकाळी चहा अजून दोन कप होतो. एक पितो, थोडा वेळ थांबतो, मग दुसराही मीच पितो. पित्त झालंय. तुझं ते लाल फुलांचं झाड मेलं. तसंच दुसरं विकत आणून ठेवलंय. त्यालाच तू परवा म्हणालीस, छान वाढलंय."

घरात कुणीच नव्हतं, त्यामुळे नानांना चांगलाच धीर आला. "आणि विहीणबाईंना जरा आवर. मागच्या रविवारी त्यांच्या गुडघ्यांतच अर्धा तास गेला. तुला नीट बघितलंसुद्धा नाही मी." मग आवाज खाली आला. "तुझ्या कपाटाचं दार करकरतं, त्याला तेल घाला म्हणाली होतीस. घातलं नाही. दुपारी एकदा उघडतो आणि लावतो. तू साडी काढतेयस असं वाटतं."

असं वीस मिनिटं चाललं होतं, तेवढ्यात दुरुस्तीवाला आला. त्यानं डब्यामागे वाकून बघितलं आणि तो हसला. "काका, मागं सारखीच दोन भोकं आहेत. त्यातलं वरचं मुकं, बंदच असतं. तुम्ही तार वरच्यात खोचलीत. स्पीकरची पण चुकलीय." त्यानं पडद्याची तार काढून खालच्या भोकात घातली.

पडदा उजळला. त्यावर चार जण होते. बायको, तिच्या खांद्यावर बाळ, शेजारी लेक, आणि अगदी पुढं विहीणबाई.

कॉम्प्युटरवर फोन आला की नाना हिरव्याऐवजी हमखास लाल बटण दाबायचे, म्हणून जावयानं तो आपोआप उचलला जाईल अशी सोय करून ठेवली होती, हे त्यांना आत्ता आठवलं. कॉम्प्युटर धडधाकट होता. फक्त नानांना दिसत नव्हतं आणि ऐकू येत नव्हतं.

दुरुस्तीवाल्यानं स्पीकरची तार बसवली. बायकोचे पहिले शब्द कानावर आले, "अहो, हळू. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

"कधीपासून आहात तुम्ही?" नानांनी विचारलं.

"अकरापासून," लेक म्हणाली. बाळ सकाळपासून रडत होतं. बाबा चहाचं बोलायला लागले तसं ते गप्प झालं, आणि कपाटापर्यंत येईतो झोपलं.

"गुडघे आता बरे आहेत," विहीणबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

नानांनी मान वर केली नाही. दुरुस्तीवाला उगीचच पिशवी आवरत राहिला. मग बायको म्हणाली, अगदी हळू, "दाराला तेल घालू नका. मी येईपर्यंत राहू दे."

"कधी येतेस?"

"अजून दोन महिने तरी लागतील हो. हिला एकटीला झेपत नाही."

तेव्हापासून नानांना रोज अकराची हजेरी लागली. लेकीची तशी आज्ञाच होती. बाळ दुसऱ्या कुणाच्या आवाजावर झोपेना. मनात साठलेलं सगळं नानांनी दोन दिवसांत सांगून संपवलं (इतक्या वर्षांच्या संसाराचं एवढंच निघालं, याचं त्यांना वाईटही वाटलं), आणि तिसऱ्या दिवशी खात्याची नियमपुस्तिका उघडली. नळजोडणीच्या नियमांवर बाळ पाच मिनिटांत झोपलं.

एकदा त्यांनी पुस्तकातून डोळे वर केले तर बाळाबरोबर बायकोही झोपलेली. दमलेली, चष्मा घसरलेला, तोंड किंचित उघडं. घरी रोज शेजारी झोपायची, पण असं तिच्याकडे बघत बसायचं नानांना कधी सुचलं नव्हतं. ते वाचत राहिले. नियम सतरा झाला. अठरा सुरू करण्याआधी त्यांनी त्याच सुरात, हळूच म्हटलं, "लवकर ये गं."

बाळ दचकून रडायला लागलं.

लेक धावत आली, बाळाला उचललं आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, मधे तुमच्या मनचं काही घालू नका. नुसते नियम वाचा."