किशनकाकांची ब्राझिली कुस्ती

हैदराबादला तारनाक्याला राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर आमचे घरमालक उताणे पडून गच्चीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत होते. टाचा रोवायच्या, कंबर उचलायची, बाजूला फेकायची, की अंग वीतभर मागे. पुन्हा टाचा, पुन्हा कंबर. मला वाटलं, झटका आला. बादली तिथेच टाकून मी ओरडत जिना उतरले, "काकू, अहो काकू, काका पडलेत!"

स्वयंपाकघरातून मालतीकाकूंचा आवाज आला, "पडले नाहीत गं. झिंगा करायलेत. चहा टाकू का तुला?"

झिंगा म्हणजे कोळंबी. किशनकाकांनी जन्मात कोळंबी पाहिलेली नव्हती. गळ्यात माळ, घरात चातुर्मासात कांदासुद्धा बंद. पण कुस्ती शिकवणाऱ्या व्हिडिओ कॅसेटमधल्या गोऱ्या माणसाने या हालचालीचं नाव तसंच सांगितलं होतं. काकांनी लगेच विश्वास ठेवला नाही. नारायणगुड्याला त्यांचा एक मासे खाणारा मित्र होता, त्याच्याकडे बसने जाऊन त्यांनी खात्री करून घेतली, की झिंगा खरोखरच मागे सरकतो. मगच गच्चीवर अंग टाकलं.

काका साठी ओलांडलेले, वाळक्या अंगाचे. चष्मा डोक्यामागून पायजम्याच्या नाडीने बांधलेला. आणि ते जुजुत्सू शिकत होते. त्यातही साधं नाही, ब्राझीलचं. जपानातून निघून ब्राझीलमार्गे कॅलिफोर्नियाला पोचलेली ही विद्या पुढे आमच्या गल्लीत कशी आली, हे काका नकाशा दाखवावा तसं सांगत. मी पुण्याची. घरमालक विक्षिप्त असतात हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण पुण्यातला घरमालक फार तर पाणी बंद करतो, भाडेकरूचा गळा आवळायला बघत नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. घर बघायला गेलो तेव्हाच मला शंका यायला हवी होती. कॉम्प्युटरवाल्यांची हैदराबादकडे रीघ लागली होती, ते दिवस. इतर घरमालक विचारत, मांसमच्छी खाता का, पाहुणे किती येतात. किशनकाकांनी माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, उभं राहायला सांगितलं, त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "वजन किती?" श्रीकांतने सांगितलं. काका काकूंना म्हणाले, "बराबर संजूएवढा आहे. देऊन टाकू घर."

संजू त्यांचा मुलगा. कॅलिफोर्नियाला. कॅसेट त्यानेच एका मित्राबरोबर पाठवलेली. पण अमेरिकेची कॅसेट आपल्या व्हीसीआरवर लावली की रंग उडायचे. कॅसेटमधला एक गडी निळ्या कपड्यांत होता आणि दुसरा पांढऱ्या, हे फक्त वरच्या चित्रावरून कळायचं. पडद्यावर दोघेही करडे, आणि एकदा का जमिनीवर गुंतले की कोणता पाय कोणाचा ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. काका चित्र थांबवत, उठून टीव्हीपाशी जात, आणि एकेका पायावरून कंबरेपासून बोट फिरवत तो कोणाच्या मालकीचा ते ठरवत. काकू भाजी निवडता निवडता म्हणत, "माणसं दोन अन् पाय पाच. तुमच्या त्या ब्राझीलला काही हिशेब आहे की नाही?"

या कुस्तीची अडचण अशी की ती एकट्याने होत नाही. झिंगा वगैरे ठीक आहे, पण डाव बसवायचा तर समोर जिवंत माणूस हवा. तोच डाव, तोच हात, पुन्हा पुन्हा. पहिला प्रयोग अर्थातच काकूंवर झाला. काकूंनी एका मिनिटात राजीनामा दिला. "लग्न झाल्यापासून कधी चारचौघांत हात धरला नाही," त्या मला म्हणाल्या, "अन् आता एकदम मान धरायलेत." मग काकांनी बैठकीतला लोड घेतला. लोड काही तक्रार करत नसे, पण तो सुटायची धडपडही करत नसे, आणि काकांना धडपड हवी होती. मग आम्ही आलो.

दर शनिवारी सकाळी श्रीकांत खाली जाई आणि बामचा वास घेऊन वर येई. दोन्ही कान लाल. "हल्लू हल्लू," काकांचा आवाज खालून यायचा, "घाई नक्को श्रीकांत. मालगाडी आहे, एक्सप्रेस नाही." काका जन्मभर रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. शेवटच्या डब्यात एकटे बसून त्यांनी आयुष्य काढलेलं. प्रत्येक डावाआधी ते "लाइन क्लिअर?" असं विचारत आणि श्रीकांतने "क्लिअर" म्हटल्याशिवाय बोटही लावत नसत. पण त्याला शाबासकी कधी म्हणून दिली नाही. "कोपर," एवढंच म्हणत. श्रीकांतचं उजवं कोपर नेहमी बाहेर पडायचं, जेवतानासुद्धा. "हे कोपर आहे का कोंबडीचा पंख? आत घे, आत घे!"

मी एकदा चिडून काकूंना विचारलं, की या वयात हे खूळ कशाला? काकू वातीसाठी कापूस पिंजत होत्या. त्यांनी मला रविवारी सकाळी खाली येऊन बसायला सांगितलं.

रविवारी संजूचा फोन यायचा. आधी म्हणे तो असा असायचा: "कसा आहेस?" "बरा." "जेवलास?" "हो." "आईला देतो." खलास. वर्षानुवर्षं हेच. "पोराचं सगळं लहानपण ह्यांनी काझीपेठच्या रनिंग रूममध्ये, त्या गार्ड लोकांच्या मुक्कामाच्या खोलीत काढलं," काकू म्हणाल्या. "हे आले की तो झोपलेला, तो उठला की हे ड्यूटीवर. बापानं पोराला कधी मारलंसुद्धा नाही. मारायला घरात तर पाहिजे ना माणूस!"

मग एका रविवारी संजू म्हणाला, मान धरलीय, जुजुत्सूच्या क्लासला जायला लागलोय. आणि काकांनी फोन काकूंकडे न देता विचारलं, "कशी धरली? म्हणजे, कोण कसा धरतो?" त्या दिवशी बापलेक पंधरा मिनिटं बोलले. परदेशचा फोन, पंधरा मिनिटं! काकू शेजारी उभ्याच. पुढच्या रविवारी काकांना आणखी प्रश्न हवे होते, म्हणून त्यांनी कॅसेट मागवली. कॅसेट बघितली की प्रश्न पडायचे. पण नुसतं बघून पडणारे प्रश्न लवकर संपतात, म्हणून ते स्वतः गादीवर उतरले.

मी त्या रविवारी बसून ऐकलं. काका रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून बोलत होते. "तो खालून पाय घालतो ना संजू, तेव्हा कंबर आधी की हात आधी?" मी पुन्हा श्रीकांतच्या कानांविषयी तक्रार केली नाही. बाम मात्र मोठ्या बाटलीत आणायला लागले.

आणि मग संजू येणार असं ठरलं. चार वर्षांनी, दोन आठवड्यांसाठी.

काकूंनी अनारशांचं पीठ केलं. काकांनी पिंजाऱ्याला बोलावलं. गादी इतकी ठासून भरायला सांगितली की पिंजारी हात कमरेवर ठेवून उभा राहिला. "इत्ती कडक गादी पो कौन सोते साब?" काका म्हणाले, "सोनेकू नक्को. लडनेकू होना." बैठकीतला टीव्ही स्वयंपाकघरात गेला, सोफा व्हरांड्यात. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना काकांनी सांगून ठेवलं, की संजू येतोय. "बाकी काही नाही हो. एक पकड करायची त्याच्यासोबत. बस्स."

संजू आला. थोडा सुटलेला, थोडा टकलाकडे झुकलेला, हसरा मुलगा. त्या रात्री प्रवासाचा शीण म्हणून काकांनी विषय काढला नाही, पण गादीवरची चादर दोनदा नीट केली. सकाळी मी पोहे करत होते, तर संजू चपला हातात घेऊन आमच्या दारात.

"वहिनी, श्रीकांत आहे ना? एक अर्जंट काम होतं."

तो आत आला, त्याने दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाला, "मला थोडं जुजुत्सू शिकव ना यार. बेसिक. जेवणाच्या आधी."

श्रीकांतचा चमचा तोंडाशीच राहिला.

"मी दोन महिन्यांतच सोडलं रे ते," संजू म्हणाला. "खांदा गेला. आता मला एक डाव आठवत नाही."

"मग फोनवर?" मी विचारलं. "दर रविवारी काकांना सांगतोस ते?"

"लायब्ररीतून पुस्तकं आणतो वहिनी. शनिवारी वाचून ठेवतो. ॲक्चुअली सांगणारच होतो सोडलं म्हणून. पण बाबा फोनवर इतके..." तो माझ्या गॅसकडे बघत राहिला. "त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला 'जेवलास'च्या पुढचा प्रश्न विचारला होता हो. सोडलं म्हटलं असतं तर म्हणाले असते, बरं, आईला देतो."

मी पोह्यांखालचा गॅस बंद केला.

आमच्या पलंगावरची गादी खाली ओढली गेली, आणि जे काका करड्या कॅसेटवरून शिकले होते, ते माझ्या नवऱ्याने कॅलिफोर्नियाच्या माणसाला शिकवलं. दोन पकडी, एक सुटका. मी दाराशी पहाऱ्यावर. "हल्लू हल्लू," श्रीकांत म्हणत होता, आणि मला हसू आवरेना, आणि नुसतं हसूच येत होतं असंही नाही.

अकरा वाजता खालून हाक आली. "संजू! लाइन क्लिअर?"

काका गादीवर गुडघ्यांवर बसले होते. नवा लेंगा, नाडी घट्ट. संजू समोर बसला. आम्ही दोघं दारात. काकांनी त्याची बाही धरली, त्याने काकांची कॉलर. मग संजूने सकाळी घोकलेला हात पुढे घातला, आणि त्याचं उजवं कोपर बाहेर पडलं. अस्सं लांब, कोंबडीच्या पंखासारखं.

काका थांबले. त्यांनी त्या कोपराकडे पाहिलं. मग नाडीवाल्या चष्म्यातून सावकाश वर, दारात उभ्या श्रीकांतकडे. श्रीकांत खाली बघायला लागला. वाटलं, संपलं. आता हा माणूस उठेल, सोफा आत घेईल आणि पुढचा रविवार पुन्हा दोन प्रश्नांचा होईल.

"शाबास," काका म्हणाले. "बराबर. असंच. लई चांगलं शिकवलंय तुला तिथं."

मग ते उताणे झाले, संजूला वर घेतलं, दोन्ही पायांची अढी त्याच्या कमरेभोवती घातली आणि त्याचं डोकं धरून छातीवर ओढलं. या पकडीत खालच्याने धरून ठेवायचं आणि वरच्याने सुटायचं, असा खेळ. संजूने एकदा दोन्ही हात रोवून जोर केला. काकांनी डोकं आणखी जवळ घेतलं. त्यांचा हात संजूच्या विरळ केसांवर होता. तो हात तिथे ठेवायला कॅसेटमध्ये कोणी सांगितलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते, मी ती कॅसेट पुरेपूर भोगलेली आहे.

संजूने पुन्हा जोर केलाच नाही. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

काकू पदराला हात पुसत आल्या. "अहो, सोडा की त्याला आता. पोळ्या गार व्हायल्यात."

"मी कुठं धरलंय?" काका छताकडे बघत म्हणाले. "त्यालाच सुटायला येईना."

मी पाहिलं. काकांच्या पायांची अढी केव्हाच सुटली होती. दोन्ही पाय गादीवर सैल पसरले होते. संजू तसाच पडून होता.