निर्दोष सुटल्याची पंचाईत

वेन्डेल स्ट्रिकलंडला खटला हरायचा होता आणि त्यासाठी तो हिवाळ्यापासून खपत होता.

वेन्डेल खरा विमा एजंट. पण आमच्या अलाबामातल्या या गावात दर जुलैला एका गाजलेल्या कादंबरीचं नाटक जुन्या कोर्टात होतं, आणि यंदा सचोटीच्या गोऱ्या वकिलाचं काम त्याच्या वाट्याला आलं होतं. निरपराध काळ्या माणसाला गोरी ज्यूरी दोषी ठरवते, मग हरलेला वकील सद्विवेकबुद्धीवर भाषण करतो. ते भाषण वेन्डेलनं खुराड्यापुढे इतकं घोकलं, की कोंबड्यांनी पश्चात्तापानं अंडी देणं सोडलं.

आरोपी झाला होता गावातला काळा आचारी ओडेल मेबरी. त्याच्या हातचा तळलेला मासा नाकाशी नेला तर मढं उठून लिंबू मागेल. त्याला चौकातल्या रिकाम्या गाळ्यात दुकान टाकायचं होतं, आणि नगर परिषद त्याचा अर्ज बैठकीमागून बैठक पुढे ढकलत होती. नाटकातली ज्यूरी म्हणजे हीच नगर परिषद, कारण पंख्याचा वारा नेमका त्या खुर्च्यांवर येतो.

घोळ घातला ज्यूरीचा म्होरक्या हॉईट ग्रिम्सली यानं. त्याची नात अटलांटाहून मित्रमैत्रिणींना घेऊन आली होती आणि मोबाइलवर चित्रण करत होती. बायकोनं सकाळीच दम भरला होता, "त्या पोरांदेखत ओडेलला दोषी म्हणालात, तर घरी येऊ नका."

"अगं, पण नाटकात तसंच लिहिलंय."

"लिहिणारा माझ्या हातचं जेवत नाही. तुम्ही जेवता."

"निकाल?" भरल्या कोर्टात न्यायाधीश झालेल्या औषधवाल्यानं विचारलं.

हॉईटनं मोबाइलकडे पाहिलं. "निर्दोष."

"मी आधीपासून हेच म्हणत होतो," शेजारचा उठला.

"मी त्याच्याही आधी," तिसरा म्हणाला.

टाळ्या अशा पडल्या, की घुमटातली कबुतरं जी उडाली ती फ्लोरिडात उतरली.

"हरकत आहे," वेन्डेल म्हणाला.

"अरे बाबा, तू जिंकलास."

"तीच हरकत आहे. हॉईट, पुरावा तरी बघ. माझ्या अशिलाकडे बघ ना एकदा. हा तुला निर्दोष दिसतो?"

"वकीलसाहेब," ओडेलनं हळूच विचारलं, "मी तुमच्याच बाजूचा ना?"

"तू मध्ये बोलू नकोस, ओडेल. तुझ्यासाठीच लढतोय मी."

"हॉईट, म्हणून टाक दोषी," औषधवाला कुजबुजला. "लोकांना घरी जायचंय."

"आता फिरू? आम्ही तत्त्वाची माणसं आहोत."

तेव्हा ओडेल उभा राहिला. "मंडळी, तुम्ही सगळे इथं आहात आणि न्यायाची लहरही आलीये. तर माझ्या गाळ्यालाही आत्ताच हो म्हणून टाका."

हॉईटनं नातीकडे पाहिलं. मोबाइल पर्समध्ये गेला होता.

"त्याचं काय आहे, ओडेल," हॉईट म्हणाला, "चौकात गाड्या लावायचा प्रश्न आहे. पुढच्या बैठकीत बघू."

सगळ्या माना एकदम हलल्या. एवढं एकमत त्या ज्यूरीचं नाटकातसुद्धा कधी झालं नव्हतं.

ओडेल आरोपीच्या खुर्चीत परत बसला. "म्हणा साहेब तुमचं भाषण. हरलो आपण."

वेन्डेल म्हणाला. असं म्हणाला, की हॉईटसकट सगळी ज्यूरी रुमाल काढून रडली.

टाळ्या थांबेपर्यंत ओडेलनं कोर्टाच्या मागच्या पायरीवर कढई चढवली होती. सद्विवेक जागा झाला की या मंडळींना भूक फार लागते, हे त्याला ठाऊक होतं.