चौदाशे वॅटचे विभागप्रमुख

विभागप्रमुखपदाची मुलाखत सरांनी तोंडाने केव्हाच जिंकली होती. व्यायाम महाविद्यालयात ते वीस वर्षं स्नायूंची शक्ती शिकवत होते आणि या वीस वर्षांत खडूपेक्षा जड काही त्यांनी उचललं नव्हतं. ओझं जड असलं की स्नायू सावकाश आकसतो, हलकं असलं की झटकन; बल गुणिले वेग म्हणजे शक्ती, आणि ती सर्वांत जास्त मिळते मधल्या ओझ्याला. हे त्यांनी निवड समितीला इतकं घोळवून सांगितलं की अध्यक्षांच्या पापण्या जड झाल्या.

झोप उडवायला अध्यक्ष म्हणाले, "ते उडीचं यंत्र आहे ना तुमच्याकडे? एक उडी मारून दाखवा की."

यंत्र म्हणजे शेजारच्या प्रयोगशाळेत जमिनीत बसवलेली धातूची पाटी; सगळे तिकडे गेले. तिच्यावर उडी मारली की पायांची शक्ती पडद्यावर उमटते. सरांनी बूट काढले, गुडघे वाकवले आणि ते उडाले. निदान त्यांना तसं वाटलं. पडद्यावर आकडा आला चौदाशे वॅट. भिंतीवरच्या तक्त्यात हा आकडा सत्तरीपुढच्यांच्या रकान्यात होता. सर बावन्न वर्षांचे.

"यंत्र बिघडलंय," सर धापा टाकत म्हणाले. ते सिद्ध करायला त्यांनी फरशी पुसणाऱ्या मावशींनाच पाटीवर उभं केलं. मावशींनी फडकं बाजूला ठेवलं आणि उडी मारली. सत्तावीसशे.

अध्यक्षांनी फाइल चाळली. "बिघडलंय कसं? गेल्या वर्षी तुमच्याच शिफारशीवरून घेतलं. 'अत्यंत अचूक' असं तीनदा लिहिलंय तुम्ही."

सर कात्रीत सापडले. यंत्र खोटं म्हणावं तर शिफारस खोटी, खरं म्हणावं तर पाय खोटे. तेवढ्यात समितीच्या कारकुनाने पडद्यावरचा शेवटचा आकडा बघून सरांच्या नावापुढे सत्तावीसशे लिहून टाकले. सरांना ते दिसलं. लाजही वाटली, पण पद लाजेपेक्षा वजनदार ठरलं आणि ते छताकडे बघत राहिले.

पद मिळालं. तिसऱ्याच दिवशी प्राचार्यांचं पत्र आलं: पुढच्या महिन्यात प्राध्यापकांच्या क्रीडास्पर्धा आहेत, उंच उडीसाठी आपलं नाव पाठवलं आहे, सत्तावीसशे वॅटचा माणूस घरी बसवणं संस्थेला परवडणार नाही.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळे गेल्यावर त्यांनी मावशींना आत बोलावलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मावशी, तुम्ही नेमकं करता काय हो?"

मावशींनी दुखरी पाठ दाबत त्यांना खालून वर न्याहाळलं.

"करायचंय काय सर? पाण्याच्या दोन बादल्या भरायच्या आणि न थांबता तिसऱ्या मजल्यावर न्यायच्या. दिवसातून आठ खेपा. उद्या सातला या, मी बघते कसं जमतं ते."

महिनाभर विभागप्रमुख बादल्या वाहत होते आणि मावशी जिन्यात स्टुलावर बसून खेपा मोजत होत्या. स्पर्धेत सरांचा नंबर शेवटून पहिला आला. मावशींची पाठदुखी मात्र पार थांबली.