साडेपाच मिनिटांचा राजीनामा

'उपद्रव' या पंक रॉक बँडची पहिली तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर वेग छापलेला नव्हता. कारखानदाराने दोनदा फोन करून विचारलं होतं, "मिनिटाला पंचेचाळीस फेरे, एवढं तरी लेबलवर टाकू ना? नाहीतर लोक तेहेतीसवर लावतील आणि सगळं रडगाणं होईल."

"आम्ही कुणाचं ऐकत नाही, आणि कुणाला काही सांगतही नाही," बँडचा गायक बाणेदारपणे म्हणाला. हे वाक्य तो विमा कंपनीच्या तक्रार विभागातून, साहेब चहाला गेलेत याची खात्री करून, फोनवर हात आडवा धरून बोलला होता.

बँडमध्ये त्याला भडका म्हणत. वय एक्केचाळीस. ऑफिसात त्याला कुणी काहीच म्हणत नसे, कारण अकरा वर्षांत 'हो साहेब' यापलीकडे त्याने फारसं काही उच्चारलं नव्हतं. तिथे गिळलेलं सगळं तो दर रविवारी सकाळी गॅरेजमध्ये ओकायचा. ड्रम बडवायला बायकोचा भाऊ होता आणि गिटारवर एक दातांचा डॉक्टर. तिघांपैकी सुरात कोणीच नव्हतं, पण पंकमध्ये ते चालतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि त्या एका वाक्यावर बँड उभा होता.

तबकडीवर चार गाणी, मिळून साडेपाच मिनिटं. शेवटचं गाणं 'राजीनामा'. ते पन्नास सेकंदांत संपायचं आणि भडका ते असं काही किंचाळत म्हणायचा की शब्द फक्त लिहिणाऱ्यालाच ठाऊक राहावेत:

साहेब आमचा बिनडोक बैल,
सही करतो, वाचत नाही,
पेटवून द्या ती चाकांची खुर्ची,
हा घ्या माझा राजीनामा!

"ही तबकडी साहेबांच्या टेबलावर ठेवणार आणि निघून येणार," त्याने घरी जाहीर केलं. "एकदा तरी त्या माणसाने माझं ऐकलंच पाहिजे."

"आधी दुसरी नोकरी बघा, मग काय पेटवायचं ते पेटवा," बायको म्हणाली.

प्रकाशनाला तेवीस माणसं आली. त्यातले एकोणीस नातेवाईक होते आणि दोघं दाताचे पेशंट. सोमवारी सकाळी, साहेब यायच्या आत, भडक्याने तबकडी टेबलावर ठेवली आणि निघून येण्याऐवजी स्वतःच्या जागेवर जाऊन बसला. निघून आला असता तर निदान अर्ध्या दिवसाची रजा गेली असती.

गुरुवारी साहेबांनी बोलावलं.

"बसा," साहेब म्हणाले. अकरा वर्षांत हा शब्द पहिल्यांदाच आला होता. "तुमची तबकडी ऐकली."

"साहेब, त्याचं असं आहे की..." बंडखोराला इथेच घाम फुटला.

"दोन वर्षं मला धड झोप नाही. डॉक्टरांनी हात टेकले. परवा घरच्या जुन्या प्लेअरवर तुमची ती शेवटची चीज लावली आणि खुर्चीतच डोळा लागला. काय तो खर्ज! शब्द एक कळत नाही, पण भाव थेट काळजाला भिडतो."

भडक्याला आधी खर्ज कसला ते कळेना. मग उजेड पडला. साहेबांचा प्लेअर तेहेतीसवर होता. एक वाक्य बोललं की झालं असतं, 'साहेब, बटण पंचेचाळीसवर करा.' अकरा वर्षं तो याच संधीची वाट पाहत होता.

"आभारी आहे, साहेब," तो म्हणाला.

पुढच्याच महिन्यात तो विभागाचा उपप्रमुख झाला. काचेची केबिन मिळाली, आणि चाकांची खुर्ची. केबिनमध्ये कोणी नसलं की तो त्या खुर्चीत एक गिरकी घेई. खुर्ची पेटवायचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग वार्षिक संमेलन आलं. संचालक मंडळ येणार होतं. "तुम्ही गायचं," साहेब म्हणाले. "तीच चीज. अगदी तश्शी, संथ."

गॅरेजमध्ये मेहुणा घाबरला. "दाजी, निदान शब्द तरी बदलू या."

"शब्द बदलायचे? तडजोड करायची? आपण?" भडक्याचा स्वाभिमान गॅरेजमध्ये नेहमीच जागा असे. "आणि हळू म्हटलं की कुणाला कळत नाही. साहेब महिनाभर रोज ऐकतायत, कळलं का काही?"

हे दोघांनाही पटलं. सहा आठवडे तालीम चालली. तिघांनाही शब्द पाठ होते, त्यामुळे ते ऐकू येतात की नाही याकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही.

संमेलनात भडका इस्त्रीच्या शर्टात उभा राहिला आणि त्याने संथपणे, मन लावून सुरुवात केली. यंत्र हळू फिरलं की आवाजाचा चिखल होतो, पण माणूस हळू गायला लागला की शब्द सुटे होतात, हे या तीन शहाण्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. बँडच्या इतिहासात प्रथमच प्रत्येक अक्षर शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. 'बिनडोक' पोचलं. 'बैल' तर फारच स्वच्छ पोचला.

दुसऱ्या ओळीलाच भडक्याला घोटाळा कळला. पण मेहुणा डोळे मिटून ठेका धरून बसला होता, डॉक्टर तल्लीन झाला होता, आणि पन्नास सेकंदांचं गाणं आता चार मिनिटांचं होतं. गाताना थांबायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं, कारण आजवर दम संपला की गाणं संपायचं. संचालक साहेबांकडे पाहत होते. हे गाणं ऐकताना साहेब, अडीच महिन्यांत प्रथमच, टक्क जागे होते.

गाणं संपलं. साहेब उठले, मंचाजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "मंजूर. लेखी प्रत उद्या टेबलावर ठेवा. तबकडी नको."

"जिंकलास!" डॉक्टरने गिटार उंचावली. "शेवटी ऐकलं त्यांनी तुझं!"

"साहेब, ते नुसतं गाणं होतं, साहेब, तसं काही मनात नव्हतं," भडका माइकमध्ये म्हणाला. पण घाईघाईत ते वाक्य त्याच्या तोंडून मूळ वेगात गेलं, आणि कोणाला एक शब्द कळला नाही.