जीनच्या कोटातला हचिन्स

जीन पावलकच्या कोटाच्या आतल्या खिशात बेसबॉलचं कार्ड सरकवून नॉर्बर्ट हायडुक गुडघ्यांवरून उठला, छातीवर क्रूस काढला आणि तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर येऊन बसला. मंगळवारपासून मनावर जो दगड होता तो जरा हलल्यासारखा झाला. चूक कबूल करायला चाळीस वर्षं लागली, तेही ऐकणारा शवपेटीत आडवा झाल्यावर. पण कबूल केली. त्यानं नाक पुसायला रुमाल काढला, तर रुमालाबरोबर दुसरं कार्ड मांडीवर पडलं. चष्मा गाडीत राहिला होता. त्यानं कार्ड हातभर लांब धरून पाहिलं. एवढ्या अंतरावरूनही मिशा दिसत होत्या. मिशा ऑर्लँडो प्रिएतोला होत्या. डेल हचिन्स रोज गुळगुळीत दाढी करायचा.

म्हणजे जीनच्या खिशात, थेट काळजावर, हचिन्स होता.

पार्मा गावात जीनला ओळखणाऱ्या कोणालाही हा काय अनर्थ आहे ते सांगावं लागलं नसतं. प्रिएतो आणि हचिन्स एकाच टीममधून खेळले, एकाच काळात, आणि जीन अन् नॉर्ब तेव्हा विशीत होते. प्रिएतो पहिला फलंदाज. पिचरचे चार चेंडू वाईट पडेपर्यंत बॅट न हलवता उभा राहायचा आणि मग फुकटात पहिल्या बेसवर चालत जायचा; त्याला वॉक म्हणतात. हचिन्स चौथा. तो आला की चेंडू मैदानाबाहेर जायचा नाहीतर हचिन्स तरी. "जो आउट होत नाही तो मोठा," जीन म्हणायचा. "बाकी सगळी आतषबाजी." त्यावर नॉर्ब म्हणायचा, "चालणारा माणूस बघायला मी तिकीट काढू? आमच्या गल्लीत पोस्टमन रोज चालतो." उन्हाळ्यात खेळ चालू असताना वाद थोडा तरी थंड असायचा. खरा रंग चढायचा तो हिवाळ्यात, मैदानं बर्फाखाली गेल्यावर, क्लबनं कोणाला घेतलं आणि कोणाला सोडलं एवढ्याच बातम्या येत असताना.

सोमवारी संध्याकाळी अशीच बातमी आली. जीनचा लगेच फोन.

"अरे, मोनाहन आला! तीन वर्षांसाठी साइन केला!"

"छत्तीस वर्षांचा घोडा," नॉर्ब म्हणाला. "तिसऱ्या वर्षी त्याला व्हीलचेअरवरून पळवणार काय?"

"पळायचं कशाला? बेसवर पोचतो ना. प्रिएतोसारखा."

एकदा प्रिएतोचं नाव निघालं की मोनाहन मागे पडणार हे ठरलेलंच होतं. अर्ध्या तासानं नॉर्ब म्हणाला, "जीन, तुला आकडे कळतात, बेसबॉल कळत नाही," आणि त्यानं फोन ठेवून दिला. असं तो पूर्वीही शेकडो वेळा म्हणाला होता. सकाळी दारातला बर्फ काढून झाला की आपणच फोन करायचा, असं त्यानं ठरवलंही होतं. मोनाहनच्या गुडघ्यांवर एक चांगला टोमणा त्याला रात्री सुचला होता. पण जीनही सकाळी बर्फ काढायला गेला होता, आणि फावडं हातात असतानाच कोसळला.

घरून निघताना नॉर्बनं दोन्ही कार्डं घेतली होती. एकाच वर्षीची, एकाच टीमची, एकाच निळ्या चौकटीची. दोन्ही जीनजवळ ठेवावीत असा त्याचा विचार होता. पण गाडी लावता लावता त्याला वाटलं, दोन्ही ठेवली तर सामना बरोबरीत सुटतो, आणि माफी काही बरोबरीत मागत नाहीत. एकटा प्रिएतो ठेवायचा. शरणागती संपूर्ण हवी.

आणि तिथं हचिन्स जाऊन बसला होता.

नॉर्ब पुन्हा रांगेत उभा राहिला. मृताचं दर्शन एकदा घेऊन भागतं, त्यामुळे लोकांनी त्याच्याकडे कणवेनं पाहिलं. पुढच्या बाईनं त्याचा दंड दाबला. तो शवपेटीशी गुडघे टेकून बसला, ओठ हलवत राहिला आणि उजवा हात हळूच जीनच्या कोटात घातला. खिसा सापडला. कार्डाची कडाही बोटांना लागली. पण जीनच्या हातांत गुंडाळलेली जपमाळ नॉर्बच्या बाहीच्या बटणात अडकली. त्यानं हात मागे ओढला तसा जीनचा हातही थोडा उचलला गेला.

मागून किंकाळी आली. ती जीनची मेहुणी वांडा होती.

"नॉर्ब! खिशात हात काय घालतोयस त्याच्या?"

"टाय सरळ करत होतो."

"टाय गळ्यात असतो!"

"आतून सरळ करत होतो."

"मी सगळं बघतेय हं," वांडा म्हणाली. "त्या दिवशी जीनची ती बर्फाची पेटी नेलीस ती पण—" मग कुठे आहोत हे आठवून तिनं तोंडावर हात ठेवला. पण डोळे नॉर्बवरच होते.

मिस्टर रिबार काळ्या सुटात आले. त्यांचे वडीलही अंत्यविधीचाच व्यवसाय करत, त्यामुळे घाई कशी दिसू न देता करावी हे त्यांच्या रक्तात होतं. त्यांनी दोन बोटांनी जपमाळ सोडवली, जीनचा हात जागेवर ठेवला आणि नॉर्बला फुलांच्या चक्राआड नेलं.

"मिस्टर हायडुक, काही राहिलंय का त्यांच्याजवळ?"

नॉर्बनं सांगून टाकलं. "चुकीचं कार्ड ठेवलंय मी. प्रिएतो ठेवायचा होता. हचिन्स गेला."

रिबारनी चक्रावरची रिबन सरळ केली. "बघा, या कामात मी मतं सांगत नाही," ते म्हणाले. "पण हचिन्स म्हणजे चुकीचं कार्ड, हे मला पटवून घ्यायला जड जातंय."

"मला सांगताय? पण त्याला आवडायचा नाही ना!"

"ठीक. मी काढून देतो. फक्त मिसेस पावलक हो म्हणाल्या पाहिजेत. त्यांना विचारून या, मी थांबतो. पण लवकर या, फादर आले की झाकण लावावं लागतं."

सगळं इतकं सोपं झालं होतं. जीनची बायको डोलोरेस पहिल्या रांगेत बसली होती. मधे फक्त खुर्च्या होत्या आणि त्या खुर्च्यांपाशी लू बेडनार उभा होता. लू दोघांबरोबर बोलिंग खेळायचा. तो डोळे पुसत होता.

"ऐकलं मी," लू म्हणाला. "प्रिएतोचं कार्ड ठेवतोयस. मोठं मन आहे तुझं, नॉर्ब. शेवटी मान्य केलंस ना, जीनचं बरोबर होतं?"

इथं नॉर्बनं मान हलवून पुढे जायचं होतं. त्यासाठीच तर तो निघाला होता. घरी आरशासमोर तो हे वाक्य म्हणूनही आला होता.

"मान्य म्हणजे," नॉर्ब म्हणाला, "त्याच्यापुरतं."

"त्याच्यापुरतं म्हणजे कसं? प्रिएतो मोठा की नाही?"

"चांगला होता."

"मोठा, नॉर्ब."

"लू, चारशेच्या वर होमरन आहेत त्या माणसाचे!"

"आणि किती वेळा आउट झाला ते?" लूनं रुमाल खिशात घातला. "तीन वेळा बॅट फिरवायची, तीनदा वारा घ्यायचा आणि घरी जायचं. पंखा होता तो, पंखा!"

मागच्या रांगेतला एक गृहस्थ वळून म्हणाला की हचिन्सला पंखा म्हणणाऱ्यानं हचिन्स पाहिलेलाच नाही. त्याच्या बायकोनं सांगितलं की या दोघांना उगाच मोठं करून ठेवलंय, आताची पोरं जास्त जोरात मारतात. त्यावर लू आणि नॉर्ब यांची तात्पुरती एकी झाली. "आताची पोरं?" दोघं एकदमच म्हणाले. मग कोणीतरी मोनाहनचं नाव काढलं, आणि जे तोवर सभ्यपणे आपल्या जागी बसून ऐकत होते तेही उठून आले. तीन वर्षं फार झाली. दोन ठीक होती. पिचर घ्यायचा सोडून हा कशाला घेतला? पिचर घ्यायला होता कुठं शिल्लक? वांडाही आली होती, नॉर्बवर पाळत ठेवायला. तिनं मोनाहनची बाजू घेतली, तो देखणा आहे म्हणून. फादर टिम प्रार्थनेचं पुस्तक घेऊन आत आले, गर्दी पाहून थबकले, आणि "मुलांनो, शांतता," म्हणण्याआधी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पण गुडघा तपासलाय ना त्याचा?"

नॉर्बला गेल्या चार दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. आवाज मोकळा झाला होता, आकडे आपोआप जिभेवर येत होते. "हचिन्स नसता तर प्रिएतो बेसवर उभा राहून राहून वाळून गेला असता," तो म्हणाला. "त्याला फिरवून घरच्या बेसवर आणायचा कोण? हचिन्स! बोल ना, बोल आता!"

तो वळला, सवयीनं, जीनच्या बाजूला.

झाकण लागलं होतं. मिस्टर रिबार हात बांधून शेजारी उभे होते. त्यांनी नॉर्बकडे पाहून खांदे किंचित उचलले. त्यांनी थांबता येईल तितकं थांबून पाहिलं होतं; फादरनी खूण केली तसं त्यांना झाकण लावावंच लागलं.

दफनभूमीत वारा बोचरा होता. शवपेटी खाली जाताना सगळ्यांना जीन आठवत होता. नॉर्बच्या डोळ्यांपुढे मात्र हचिन्सचा तो गुळगुळीत चेहरा येत होता. जीनबरोबर तोही जात होता, कायमचा. शेवटचं बोलणं भांडणाचं झालं, त्याची माफी मागायला आलो, आणि मागायच्या ऐन वेळी पुन्हा भांडत राहिलो. परतताना लूनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"गावभर झालंय रे," लू हळूच म्हणाला. "मुद्दामच ठेवलास ना हचिन्स? शेवटचा शब्द तुझाच. बाप माणूस आहेस लेका!"

हे ऐकून नॉर्बला जास्तच वाईट वाटलं.

चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये बायकांनी जेवण मांडलं होतं: हॅम, पिएरोगी नावाच्या उकडलेल्या करंज्या, बटाट्याचं सॅलड. डोलोरेस टेबलाच्या टोकाला कॉफी घेऊन बसली होती. नॉर्ब तिच्यासमोर जाऊन बसला. ताटली त्यानं भरून घेतली होती, कारण रिकामी ताटली दिसली की तिथल्या बायका स्वतः येऊन वाढतात.

"डोलोरेस, एक सांगायचंय. रागवायचं असेल तर रागव."

"वांडानं सांगितलंय. घड्याळ चोरत होतास म्हणे."

"घड्याळ नाही गं." त्यानं सगळं सांगितलं, फोन ठेवला ते, चष्मा विसरला ते, लूशी भांडला ते. "जीन चाळीस वर्षं ज्याच्याविरुद्ध बोलला तोच त्याच्या छातीवर ठेवला मी. आणि आता काही करता येत नाही."

डोलोरेसनं कॉफीत साखर ढवळली. "हचिन्स ठेवलास?"

"हो."

"मग काय बिघडलं? हचिन्सच मोठा होता."

नॉर्बच्या हातातला काटा ताटलीवर वाजला. "काय म्हणालीस?"

"पहिल्यापासून माझं तेच मत आहे. पण घरात बोलायचं कसं? याला रोज संध्याकाळी समोर बसवून जेवायला वाढायचं होतं मला. तुझं बरं होतं, तू भांडून आपल्या घरी जायचास." तिनं कप ठेवला. "प्रिएतो काय, नुसता उभा राहायचा."

चाळीस वर्षं नॉर्ब हे वाक्य जीनच्या स्वयंपाकघरात कोणीतरी म्हणावं म्हणून झुरला होता. आता ते ऐकल्यावर त्याची कानशिलं तापली.

"नुसता उभा राहायचा म्हणजे?" तो म्हणाला. "अगं, ती नजर लागते! चेंडू बाहेर जातोय की आत येतोय हे कळायला वाघाची नजर लागते. वॉक म्हणजे काय भीक आहे का? तो बेसवर असायचा म्हणून पिचर घाबरायचा, आणि घाबरलेल्या पिचरला हचिन्स मारायचा. त्याचे निम्मे होमरन प्रिएतोचे आहेत!"

हे सगळं जीनचं होतं. शब्दसुद्धा जीनचेच. नॉर्बला ते इतकं पाठ आहे याचं त्यालाच नवल वाटलं.

"असं?" डोलोरेस म्हणाली. "मग हचिन्स पाय मोडून घरी बसला, त्या वर्षी प्रिएतोच्या धावा किती झाल्या?"

नॉर्बला आकडा पाठ होता. त्या वर्षी प्रिएतोच्या धावा निम्म्यावर आल्या होत्या.

"ते वर्ष वेगळं होतं," तो म्हणाला.

"कसं वेगळं?"

"पिचर चांगले होते. सगळ्या टीम्सचे."

"मग त्याच वर्षी बाकीच्यांच्या धावा कशा वाढल्या?"

त्यानं खूप शोधलं. जीनकडे याला काहीतरी उत्तर असणारच. जीन कधीच निरुत्तर झाला नव्हता. पण हा मुद्दा नॉर्बला स्वतःला चाळीस वर्षांत सुचलाच नव्हता. सुचला असता तर त्यानं तो जीनवर टाकला असता, आणि त्यावर जीन काय म्हणतो ते आज त्याला माहीत असतं.

"हरलास," डोलोरेस म्हणाली. तिनं रुमालानं डोळे टिपले आणि बाजूनं जाणाऱ्या बाईला त्याच्यासाठी कॉफी आणायला सांगितलं.

हचिन्स अखेर मोठा ठरला होता, तोही पावलकच्या घरच्यांच्या तोंडून. नॉर्ब मात्र कॉफी येईपर्यंत टेबलावर बोटानं आकडे मांडत राहिला, काही केल्या प्रिएतो वर येतो का ते बघत.