नापास डबा

“परत केसभर लांब. या घरात एक वस्तू जागेवर बसेल तर शपथ.”

गॅरेजच्या दाराआडून ही कुरकुर आली तेव्हा आर्डिस रुबार्बच्या आंबट देठांच्या ‘पाय’साठी, म्हणजे भरल्या भाजणीच्या पदार्थासाठी, पोळी लाटत होती. आत तिचा नवरा लीलँड हाताने काडतुसं भरत होता. पितळी नळीत दारू, वर गोळी, मग प्रेसचा दांडा ओढून गोळी आत बसवायची. प्रत्येक गोळी सारखीच खोल बसली पाहिजे, नाहीतर नेम भरकटतो, हे तो चाळीस वर्षं सांगत आला होता. रायफल क्लबातले सगळे त्याच्याच हाताखाली शिकलेले. शनिवारी काउंटीच्या जत्रेत सामना होता, आणि विजेत्याची ढाल दोन वर्षं शेजारच्या गावात धूळ खात पडली होती.

“आर्डिस, कपड्यांचं मशीन बंद कर. बाक हादरतो.”

“त्यात चर्चच्या गायकांचे अकरा झगे आहेत, लीलँड.”

“देव कपडे बघत नाही.”

सोमवारी मशीन बंद झालं. बुधवारी फ्रिज गुरगुरतो म्हणून तोही बंद. लोणी ओसरीवर गेलं, तिथून शेजारच्या कुत्र्याच्या पोटात. शुक्रवारी पास्टर ड्वेन आले.

“झगे झाले का?”

“भिजतायत.”

“सोमवारपासून?”

“मुरतायत म्हणा.”

पास्टर गॅरेजमध्ये डोकावले. लीलँड व्हर्निअर मोजपट्टीच्या एका जबड्यात काडतुसाचं बूड आणि दुसऱ्यात गोळीचं टोक धरून मोजत होता. लांब भरलं की पुन्हा दाबायचं. आखूड भरलं की ‘नापास’ डब्यात, शेतातल्या घुशी मारायला. पास्टरांनी तोंड उघडलं आणि हवा छान पडल्याचं सांगून ते बाहेर आले.

आर्डिसनं त्यांना पायरीवर गाठलं. “काय गिळलंत आत्ता?”

“गोळ्यांची टोकं कारखान्यातूनच कमीजास्त येतात, आर्डिस. मोजायचं ते गोळीच्या पोटापासून, जिथे ती जाड होते तिथून. सगळ्या क्लबाला ठाऊक आहे.”

“मग सांगत का नाही?”

“ज्यानं बंदूक धरायला शिकवलं त्याला? तुम्ही सांगा.”

“मला याच घरात राहायचंय.”

दुपारी लीलँडचा डोळा लागला. आर्डिसनं त्याच्या खणातला बोल्टचा एक नट घेतला, गोळीवर सरकवला, पोटाशी अडला तिथून बुडापर्यंत मोजलं. लीलँडनं पास केलेल्या काडतुसांत एकासारखं दुसरं नव्हतं. मुळात ठीक बसलेल्या गोळ्या त्यानं दाबून दाबून बिघडवल्या होत्या. नापास डब्यातली मात्र जुळ्या बहिणींसारखी. त्यांना पहिल्या दांड्यानंतर कोणी हात लावलाच नव्हता. तिनं दोन्ही डब्यांतला माल मुकाट्यानं बदलला आणि जत्रेसाठीचा रुबार्बचा ‘पाय’ ओव्हनमध्ये सरकवला.

शनिवारी लीलँडनं पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. ढाल काखेत मारून, टोपी मागे सारून तो उभा राहिला. एकाहत्तराव्या वर्षी इतका स्थिर हात. तो हात खोटा नव्हता.

“केसभर फरक नाही,” लीलँड म्हणाला. “मंडळी, टोकापासून मोजायचं. टोक म्हणजे टोक.”

अख्खा क्लब आपापल्या बुटांकडे बघू लागला. पास्टरांना आपल्या बुटाची नाडी फारच आवडली. फक्त गेल्याच महिन्यात क्लबात आलेल्या नर्स मुलीनं वही उघडली.

“टोकापासून,” ती पुटपुटत लिहू लागली.

आर्डिसनं पर्समधून नट काढला आणि तिच्या वहीवर ठेवला.

“खोड ते, बाळ,” ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. “नेम तुझाच होता, लीलँड, त्याला तोड नाही. पण टोकापासून नाही, पोटापासून मोजायचं. आज तू नापास डब्यावर जिंकलास. आणि घरी गेल्या गेल्या मी मशीन लावणार आहे.”